अपस्मारातील गोंधळाचे क्षण आणि हरवणारी ओळख

अपस्माराच्या अनेक झटक्यांत माणूस खाली पडत नाही, हातपाय झाडत नाही, तोंडाला फेसही येत नाही. तो उभ्याचा उभा असतो, डोळे उघडे असतात, पण मिनिट-दोन मिनिटे भोवतालचे जग त्याच्या हातून निसटलेले असते. कधी राहते घर परके वाटते. कधी समोरचा चेहरा दिसतो, पण ओळख पटत नाही. कधी विचारलेल्या प्रश्नाचे शब्द कानावर पडतात आणि अर्थ लागत नाही. मग सगळे पूर्ववत होते आणि मधल्या वेळात काय घडले हे त्याला सांगता येत नाही. मोठी फिट आली की घरचे धावपळ करून दवाखाना गाठतात. हे छोटे झटके मात्र विसरभोळेपणा, थकवा किंवा तंद्री समजून वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहतात. प्रौढांच्या अपस्मारात सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारांपैकी हा एक आहे आणि तो ओळखला गेला तर त्यावर उपचारही आहेत.

झटका सुरू कुठे होतो

मेंदूतील चेतापेशी एकमेकींना सूक्ष्म विद्युतसंदेश पाठवत असतात. प्रत्येक गट आपापले काम आपापल्या वेळी करतो, म्हणून विचार, स्मृती आणि हालचाल सुरळीत चालतात. झटक्याच्या वेळी एखाद्या भागातील असंख्य पेशी एकाच ठेक्यात, गरजेपेक्षा कितीतरी जोराने संदेश सोडू लागतात. सभेतील सगळेच एका सुरात ओरडू लागले तर कोणाचेच म्हणणे कळत नाही, तशी त्या भागाची अवस्था होते. अपस्मार म्हणजे मेंदूच्या करड्या द्रव्यातून अचानक, अतिरिक्त आणि स्थानिक स्वरूपात होणारे विसर्जन, अशी मांडणी लंडनचे मज्जाविकारतज्ज्ञ जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी 1873 साली केली. मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख काढणाऱ्या ईईजीचा शोध लागायला तेव्हा अजून अर्धे शतक बाकी होते.

हे विसर्जन मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकदम सुरू झाले तर शुद्ध तत्काळ जाते. ते एखाद्याच ठिकाणी सुरू झाले तर त्या ठिकाणचे जे काम, ते बिघडते. हात हलवणाऱ्या भागात झाले तर हाताला झटके येतात. दृष्टीच्या भागात झाले तर प्रकाशाचे ठिपके दिसतात. गोंधळ आणि अनोळखीपणाचे झटके बहुधा टेम्पोरल लोबमध्ये, म्हणजे कानाच्या वर, कानशिलाच्या आतील बाजूला असलेल्या भागात सुरू होतात. नव्या आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस आणि भीतीसारख्या भावनांशी निगडित अमिग्डाला याच भागात असतात. म्हणूनच या झटक्यांत स्मृती, भावना आणि ओळख यांची एकत्र उलथापालथ होते.

या झटक्यांचे वैद्यकीय नाव काळानुसार बदलत गेले आहे. 1981 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्यांना 'कॉम्प्लेक्स पार्शल' म्हटले होते, 2017 मध्ये 'फोकल इम्पेअर्ड अवेअरनेस' हे नाव आले. जुन्या फायलीत एक नाव आणि नव्या अहवालात दुसरे दिसले तर आजार बदलला असे समजण्याचे कारण नाही.

परकेपणाची भावना

एखादी वस्तू काय आहे हे कळणे आणि ती आपल्या ओळखीची वाटणे ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत. एरवी ती हातात हात घालून चालतात, म्हणून त्यांच्यातला फरक जाणवत नाही. झटक्यात ती सुटी होतात. मग स्वयंपाकघर हे स्वयंपाकघर आहे हे कळते, ओटा, मांडणी, डबे सगळे जागच्या जागी दिसते, पण ते आपले आहे ही खूण पटत नाही. याला वैद्यकात 'जामे व्ह्यू' म्हणतात. याच्या उलट, पहिल्यांदाच पाहत असलेली जागा पूर्वी पाहिल्यासारखी वाटणे म्हणजे 'देजा व्ह्यू'.

हे अनुभव टेम्पोरल लोबशी जोडलेले आहेत याचा थेट पुरावा शस्त्रक्रियागृहात मिळाला. माँट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड अपस्मारावरील शस्त्रक्रियेत रुग्णाला जागे ठेवत आणि मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य विद्युतस्पर्श करत. टेम्पोरल लोबच्या काही बिंदूंना स्पर्श होताच काही रुग्णांना भोवतालचे सारे विलक्षण ओळखीचे किंवा विलक्षण परके वाटे. पुढे 2004 साली फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी खोलवर बसवलेल्या इलेक्ट्रोडच्या साहाय्याने दाखवून दिले की देजा व्ह्यू हिप्पोकॅम्पसपेक्षा त्याच्या शेजारच्या पट्ट्याला, म्हणजे ऱ्हायनल कॉर्टेक्सला उद्दीपित केल्यावर अधिक सहज उद्भवतो. ओळखीची भावना तयार करण्यात या पट्ट्याचा मोठा वाटा आहे.

देजा व्ह्यू अधूनमधून निरोगी माणसांनाही होतो, विशेषतः तरुण वयात आणि दमणुकीत. तेवढ्यावरून अपस्माराचा संशय घेण्याचे कारण नसते. झटक्यातला अनुभव वेगळा ओळखू येतो तो त्याच्या साचेबंदपणामुळे. तो पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने येतो. त्याच्या सोबतीला पोटातून घशाकडे काहीतरी चढत येणे, निष्कारण दाटून येणारी भीती, जळका किंवा कुजकट वास, अंगावर काटा, छातीत धडधड यांपैकी काहीतरी असते. काहींचा झटका एवढ्यावरच संपतो आणि शुद्ध शाबूत राहते. याला 'ऑरा' म्हणतात. पण ऑरा ही केवळ पूर्वसूचना नाही. तो स्वतःच एक छोटा झटका असतो आणि डॉक्टरांना तो सांगायलाच हवा.

दीड मिनिटात काय घडते

नमुनेदार झटका असा असतो. वर्गात फळ्यावर गणित मांडणाऱ्या शिक्षिकेचा हात मध्येच थांबतो. पोटात काहीतरी वर सरकल्यासारखे वाटते आणि भिंती, बाके, मुले सगळे एकदम नवखे भासते. पुढचे तिला आठवणार नाही. नजर एका जागी खिळते. ओठ चाटल्यासारखी, काहीतरी चघळत असल्यासारखी हालचाल सुरू होते. उजवा हात साडीचा पदर चाचपत राहतो, डावा हात ताठरतो. कोणी हाक मारली तर मान वळते, पण उत्तर येत नाही, किंवा 'हो, हो' असे असंबद्ध उत्तर येते. साधारण अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांत हे थांबते. मग ती हातातल्या खडूकडे पाहते, कोणता वर्ग आहे हे तिला चटकन सांगता येत नाही, नाक पुसते, थकून खुर्चीत बसते. पूर्ण भानावर यायला पाच-दहा मिनिटे जातात, कधी त्याहून जास्त.

यातल्या प्रत्येक तपशिलाला निदानात मोल आहे. चघळणे आणि चाचपणे या आपोआप होणाऱ्या हालचाली टेम्पोरल लोबकडे बोट दाखवतात. एक हात ताठरला तर झटका बहुधा मेंदूच्या विरुद्ध बाजूचा असतो. झटक्यानंतर ज्या हाताने नाक पुसले जाते, त्याच बाजूला झटक्याचे मूळ असण्याचा संभव अधिक. झटका ओसरल्यावर शब्द सापडेनासे झाले तर भाषेची केंद्रे असलेल्या, म्हणजे बहुतेकांच्या डाव्या अर्धगोलाचा विचार करावा लागतो.

शुद्ध का हरपते, या प्रश्नाचे उत्तर अलीकडच्या दशकांत स्पष्ट होत गेले. झटका टेम्पोरल लोबपुरता असला तरी तो मेंदूच्या खोल भागांत पसरून जागृती टिकवणाऱ्या मेंदूस्तंभाच्या आणि थॅलॅमसच्या यंत्रणेला दाबून टाकतो. परिणामी जिथे झटका पोहोचलेलाच नाही, त्या पुढच्या आणि वरच्या भागांत गाढ झोपेत दिसतात तशा संथ लहरी उमटतात. डोळे उघडे आणि मेंदूचा मोठा भाग झोपेसारख्या अवस्थेत, असा हा प्रकार असतो. म्हणूनच झटक्यात वागलेल्या-बोललेल्या गोष्टींसाठी माणसाला जबाबदार धरणे अन्यायाचे आहे.

डॉक्टर झेड

या झटक्यांचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन एका डॉक्टरनेच केलेले आहे. जॅक्सन यांचा हा रुग्ण वैद्यकीय वाङ्मयात 'झेड' या अक्षराने ओळखला जाई. तो म्हणजे लंडनचे डॉक्टर आर्थर टॉमस मायर्स, हे पुढे 1980 च्या सुमारास संशोधकांनी निश्चित केले. मायर्स यांनी स्वतःही टोपणनावाने आपल्या झटक्यांतील 'काहीतरी आठवल्याची' भावना लिहून प्रसिद्ध केली होती.

1888 साली जॅक्सन यांनी 'ब्रेन' या नियतकालिकात त्यांचा एक प्रसंग दिला. मायर्स एका तरुणाची छाती तपासण्याच्या तयारीत होते. झटक्याची चाहूल लागताच त्यांनी स्टेथोस्कोप काढला आणि बोलणे टाळण्यासाठी जरा तोंड फिरवले. पुढची आठवण थेट त्याच खोलीतल्या लिहायच्या टेबलाशी बसून दुसऱ्या कोणाशी तरी बोलत असल्याची. रुग्ण खोलीत नव्हता. तासाभराने त्यांनी पाहिले तेव्हा रुग्णाला अंथरुणावर झोपवलेले होते आणि त्यांच्याच हस्ताक्षरात तपासणीची टिपणे व डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया असल्याचे निदान लिहिलेले होते. त्यांनी पूर्ण शुद्धीत पुन्हा तपासले. निदान बरोबर निघाले.

1894 मध्ये मायर्स यांचे निधन झाले. शवविच्छेदनात डाव्या टेम्पोरल लोबच्या आतल्या कडेला एक अगदी लहान, मऊ पडलेला ठिपका सापडला. हे निरीक्षण 1898 मध्ये प्रसिद्ध झाले आणि जॅक्सन ज्यांना 'स्वप्नवत अवस्था' म्हणत, त्या झटक्यांचा पत्ता वैद्यकाला मिळाला. सरावाची कामे झटक्यातही पार पडू शकतात, हा या प्रकरणाचा दुसरा धडा. माणूस चालत होता, लिहीत होता, म्हणजे तो शुद्धीवर होता, असे म्हणता येत नाही.

सारख्या दिसणाऱ्या इतर अवस्था

गोंधळाचा प्रत्येक क्षण अपस्माराचा नसतो. शाळकरी मुलांत आढळणारे 'ॲब्सेन्स' झटके बहुधा पाच ते पंधरा सेकंदांचे असतात, दिवसातून अनेकदा येतात आणि संपताच मूल वाक्य पुढे चालू ठेवते. नंतरचा गोंधळ नसतो. हा फरक औषधासाठीही महत्त्वाचा आहे, कारण टेम्पोरल लोबच्या झटक्यांवर उपयोगी पडणाऱ्या कार्बामाझेपिनने ॲब्सेन्स झटके वाढू शकतात.

मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांत रक्तातील साखर उतरली की घाम, थरथर आणि गोंधळ होतो. भीतीच्या झटक्यात भोवताल परका वाटतो, पण शुद्ध राहते, नंतर सगळे आठवते आणि त्रास बहुधा काही मिनिटे ते अर्धा तास टिकतो. 'ट्रान्झिएंट ग्लोबल ॲम्नेशिया' या विकारात उतारवयातील व्यक्ती काही तास तेच ते प्रश्न विचारत राहते, आणि तो बहुधा आयुष्यात एकदाच होतो. याउलट अपस्मारातील तात्पुरता स्मृतिलोप मध्यम वयानंतर, बऱ्याचदा झोपेतून उठताना, अर्धा-पाऊण तास होतो आणि पुन्हा पुन्हा होतो. अशा रुग्णांना सरावाच्या रस्त्यांची खूण न पटणे किंवा काही वर्षांपूर्वीचे घरातले लग्नकार्य अजिबात न आठवणे असाही त्रास होतो. तो स्मृतिभ्रंश समजला जातो. पण झटके सहसा औषधाच्या लहान मात्रेने थांबतात.

आधीच औषध चालू असलेल्यांत गोंधळाचे कारण औषधही असू शकते. कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन यांनी, विशेषतः वृद्धांत, रक्तातील सोडियम उतरते आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. गोंधळ तासन्तास किंवा दिवसभर टिकला तर झटका आत चालूच आहे, फक्त अंग हलत नाही, अशीही शक्यता असते. ती तातडीची अवस्था आहे आणि तिचे निदान ईईजीशिवाय होत नाही.

निदान आणि कारणे

या आजारात रुग्ण स्वतःच्या झटक्याचा साक्षीदार नसतो. म्हणून ज्याने झटका पाहिला, त्याला दवाखान्यात सोबत नेणे हा निदानाचा पाया आहे. मोबाइलवर घेतलेले मिनिटभराचे चित्रण अनेकदा महागड्या तपासण्यांपेक्षा जास्त सांगून जाते. झटक्याची तारीख, वेळ, आधीची झोप, चुकलेली गोळी, ताप, स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीचे दिवस यांची वही ठेवली तर उपचारांची दिशा लवकर ठरते.

मानवी मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख जर्मनीतील येना येथील हान्स बर्गर यांनी 1929 मध्ये प्रसिद्ध केला आणि अपस्माराचे निदान बदलून गेले. मात्र दोन झटक्यांच्या मधल्या काळात काढलेला ईईजी पूर्ण निर्दोष असू शकतो, कारण हिप्पोकॅम्पस टाळूपासून बराच खोल असतो. एका निर्दोष ईईजीवरून अपस्मार नाही असा निष्कर्ष निघत नाही. झोपेतला ईईजी आणि गरज पडल्यास रुग्णालयात ठेवून केलेला व्हिडिओ-ईईजी अधिक माहिती देतात.

एमआरआयमध्ये कारण शोधले जाते. हिप्पोकॅम्पस आक्रसून कठीण होणे हे नेहमी आढळणारे कारण. अशा काही रुग्णांना लहानपणी तापात दीर्घकाळ आकडी आलेली असते. डोक्याला मार, पक्षाघात, गाठ हीही कारणे आहेत. भारतात त्यात क्षयाच्या गाठी आणि फीतकृमीच्या अळीने मेंदूत होणाऱ्या गाठींची भर पडते. फीतकृमीची अंडी दूषित पाण्यातून आणि नीट न धुतलेल्या कच्च्या भाज्यांतून पोटात जातात, त्यामुळे शाकाहारी माणसालाही हा आजार होतो.

उपचार

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य उपचार मिळाल्यास त्यांतील सुमारे 70 टक्के लोक झटक्यांविना जगू शकतात. सुमारे निम्म्या रुग्णांचे झटके पहिल्याच औषधाने थांबतात. लेव्हेटिरासेटम, लॅमोट्रिजिन, कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन ही या प्रकारच्या झटक्यांवरची नेहमीची औषधे. ती रोज, ठरल्या वेळी घ्यावी लागतात. दोन-चार महिने झटका आला नाही म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे धोक्याचे आहे, कारण औषध एकदम सुटले की मोठी फिट येऊ शकते. नव्या औषधानंतर अंगावर पुरळ उठले किंवा तोंड आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दिवस जाण्याची शक्यता असलेल्या स्त्रियांनी औषधाची निवड आधीच तपासून घ्यावी. अपस्मारावरच्याच व्हॅल्प्रोएट या औषधाचा गर्भावर गंभीर परिणाम होतो.

योग्य निवडलेल्या दोन औषधांनीही झटके थांबले नाहीत तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. 2001 साली कॅनडात झालेल्या चाचणीत टेम्पोरल लोबच्या 80 रुग्णांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या आणि निम्म्यांना औषधांच्या गटात ठेवले होते. वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांतून शस्त्रक्रियेच्या गटातील 58 टक्के मुक्त होते, औषधांच्या गटातील फक्त 8 टक्के. भारतात तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेत 1995 पासून अशा शस्त्रक्रियांचा कार्यक्रम चालू आहे. दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थांत आणि मुंबईतील मोठ्या रुग्णालयांतही त्या होतात. शस्त्रक्रियेपूर्वी स्मृतीची कसून चाचणी घेतात. 1953 मध्ये अमेरिकेत हेन्री मोलायसन यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस काढल्यावर झटके कमी झाले, पण नव्या आठवणी साठवण्याची त्यांची क्षमता कायमची गेली. तेव्हापासून दोन्ही बाजू काढल्या जात नाहीत.

झटक्याच्या वेळी आणि एरवी

गोंधळलेल्या अवस्थेतील माणसाला धरून ठेवू नये. भान नसताना धरले की तो घाबरून प्रतिकार करतो आणि ते आक्रमण वाटते. शेगडी, जिना, रस्ता, विहीर यांपासून हलक्या हाताने दूर वळवावे, हळू आवाजात बोलत राहावे आणि घड्याळ पाहावे. पूर्ण भान येईपर्यंत पाणी, चहा किंवा गोळी तोंडात घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने, हातात किल्ल्या देण्याने झटका थांबत नाही. तो आपोआपच थांबायचा असतो आणि श्रेय कांद्याला जाते. नाव, ठिकाण, वार नीट सांगता येईपर्यंत सोबत सोडू नये. झटका पाच मिनिटांत थांबला नाही, अंगाला झटके सुरू झाले किंवा भान येण्याआधी दुसरा झटका आला तर रुग्णालय गाठावे.

झटके आटोक्यात येईपर्यंत काही गोष्टी पाळाव्यात. न्हाणीघराला आतून कडी लावू नये. एकट्याने विहिरीत किंवा नदीत पोहू नये. कडबाकुट्टीवर काम करू नये, ट्रॅक्टर चालवू नये. लोकलच्या दारात आणि फलाटाच्या कडेला उभे राहू नये. पुरेशी झोप घ्यावी आणि दारू टाळावी. भारतात वाहन परवान्यासाठीच्या प्रकृतीविषयक घोषणापत्रात अपस्माराबद्दल प्रश्न असतो. त्याचे खरे उत्तर देणे हे स्वतःच्या आणि रस्त्यावरच्या इतरांच्या जिवासाठी आवश्यक आहे.

या झटक्यांचा सर्वांत मोठा त्रास मिनिट-दोन मिनिटांच्या गोंधळाचा नसून त्याभोवतीच्या गैरसमजांचा असतो. मुलाला 'लक्ष नसते' म्हणून मार बसतो, सुनेला 'बाहेरची बाधा' म्हणून देवऋष्याकडे नेले जाते, कामगाराला नशा केल्याचा आरोप सोसावा लागतो. लग्न मोडेल या भीतीने आजार लपवला जातो आणि लपवण्याच्या नादात गोळ्या चुकतात. हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराचा उल्लेख 1999 च्या दुरुस्तीने वगळण्यात आला. केवळ अपस्मार आहे या कारणावरून या कायद्याखालील विवाह आता रद्दबातल ठरवता येत नाही. शाळेतील वर्गशिक्षक, कामावरचा एखादा सहकारी आणि घरातील प्रत्येकाला झटका कसा दिसतो आणि त्या वेळी काय करायचे हे आधी सांगून ठेवले तर रुग्णाचा बराचसा धोका आणि बहुतेक अपमान टळतो. झटक्याचे वर्णन, नेहमीची औषधे आणि संपर्काचा क्रमांक लिहिलेले कार्ड खिशात ठेवावे, म्हणजे अनोळखी ठिकाणी भान हरपले तरी मदत करणाऱ्याला नेमके काय करायचे ते कळते.